‘गुप्तचर अहवालात उघड’ ही बातमी कशी वाचायची

बातमीत ‘गुप्तचर यंत्रणांना आढळलं’ असे शब्द दिसले की कागद घ्या आणि त्या वाक्याचं क्रियापद लिहून काढा. आढळलं, अंदाज आहे, शक्यता आहे, नाकारता येत नाही, यातलं नेमकं कुठलं आहे? ही सवय मला रात्रपाळीने लावली. मी एका मराठी दैनिकाच्या परदेशाच्या पानावर उपसंपादक होते. एजन्सीची इंग्रजी कॉपी यायची, ती मराठीत करून, मथळा देऊन, जागेत बसवून पान सोडायचं. जागा कमी पडली की कात्री शेवटच्या परिच्छेदाला लागायची. आणि अण्वस्त्रांच्या बातमीत खरी मेख बहुतेक वेळा त्या शेवटच्या परिच्छेदातच असायची.

आता निवृत्त आहे, वाशीत राहते. कोपरखैरणे-घणसोलीकडची, यूपीएससीची तयारी करणारी काही मुलं शनिवारी घरी येतात. जून २०२५ मध्ये त्यांच्यातल्या ओंकारने विचारलं, “काकू, इराण बॉम्ब बनवत होता की नव्हता? हो किंवा नाही, एकच सांगा.” एकच सांगण्यासारखं नव्हतं. मग त्या दिवशी आम्ही बातम्या कशा फोडायच्या ते करत बसलो. तेच इथे लिहिते.

आधी एक गृहीतक काढून टाका. क्लासच्या नोट्समध्ये असा बाण काढलेला असतो: गुप्तवार्ता, तिथून विश्लेषण, तिथून धोरण. प्रत्यक्षात सरकारला कुठे जायचंय हे बऱ्याचदा आधीच ठरत आलेलं असतं. गुप्तचरांना सापडलेली गोष्ट वाटेतले काही रस्ते बंद करते, काही उघडते. म्हणून बातमी वाचताना ‘यामुळे कुठला रस्ता बंद झाला?’ हे विचारायचं.

माल, आराखडा की निर्णय?

सिडकोचा प्लॉट नावावर असणं, इमारतीचा नकाशा मंजूर असणं आणि पाया खणायला सुरुवात होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवी मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अण्वस्त्रांचंही तसंच आहे. समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम हा माल, स्फोटकाची रचना आणि ते वाहून नेणारं क्षेपणास्त्र ही क्षमता, आणि ‘बनवा’ असा वरून आलेला आदेश हा निर्णय. यातला माल मोजता येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तो किलोत मोजतात. निर्णय मात्र कुणाच्या तरी डोक्यात असतो आणि तो उपग्रहाला दिसत नाही.

२५ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक तुलसी गबार्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. इराण अण्वस्त्र बनवत नाही, सर्वोच्च नेते खामेनींनी २००३ मध्ये थांबवलेल्या कार्यक्रमाला पुन्हा परवानगी दिलेली नाही, असं त्या म्हणाल्या. त्याच साक्षीत, अण्वस्त्रं नसलेल्या देशाकडे कधी नव्हता एवढा समृद्ध युरेनियमचा साठा इराणकडे आहे, असंही त्या म्हणाल्या. पहिलं विधान निर्णयाबद्दल होतं, दुसरं मालाबद्दल. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पण मथळ्यात एकच मावतं! ज्याला युद्ध नको होतं त्याने पहिलं उचललं, ज्याला हवं होतं त्याने दुसरं. मे महिन्यात अणुऊर्जा संस्थेने ६० टक्के समृद्ध युरेनियमचा साठा ४०० किलोंच्या वर गेल्याचं सांगितलं. अण्वस्त्रासाठी साधारण ९० टक्के लागतं, आणि ६० वरून ९० वर जाणं हे सुरुवातीच्या चढणीपेक्षा पुष्कळ सोपं असतं. जूनच्या मध्यावर ट्रम्प यांना त्यांच्याच संचालकांच्या साक्षीबद्दल विचारलं तेव्हा, त्या काय म्हणाल्या याची आपल्याला पर्वा नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. २२ जूनला इराणच्या फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर अमेरिकी बॉम्ब पडले.

म्हणजे गुप्तचर अहवालाला किंमतच नाही का? ओंकारचा पुढचा प्रश्न हाच होता. त्यासाठी २००७ मध्ये जावं लागतं.

३ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेने इराणवरच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाजाचे, म्हणजे सगळ्या गुप्तचर यंत्रणांच्या एकत्रित मताचे, मुख्य निष्कर्ष जाहीर केले. पहिलंच वाक्य असं होतं की इराणने २००३ च्या शरद ऋतूत अण्वस्त्र कार्यक्रम थांबवला, असं आम्ही उच्च विश्वासाने म्हणतो. जगभर हाच मथळा लागला. त्या वाक्याला तळटीप होती. ‘अण्वस्त्र कार्यक्रम’ म्हणजे शस्त्राची रचना, ते प्रत्यक्ष घडवण्याचं काम आणि लपूनछपून केलेलं समृद्धीकरण. नतान्झमध्ये उघडपणे चाललेलं समृद्धीकरण त्या व्याख्येत धरलेलंच नव्हतं. म्हणजे बॉम्बच्या वाटेवरचा सगळ्यात वेळखाऊ टप्पा चालूच होता, आणि कार्यक्रम ‘थांबला’ होता. पुढच्या ओळींत, तेहरान निदान अण्वस्त्राचा पर्याय खुला ठेवून आहे, असंही लिहिलेलं होतं. तरीही जे व्हायचं ते झालंच. आपल्याच यंत्रणा कार्यक्रम थांबला म्हणत असताना हल्ला केला तर त्याचं समर्थन कसं करणार होतो, असं तेव्हाचे अध्यक्ष धाकटे बुश यांनी नंतर आपल्या आठवणींत लिहिलं. लष्करी रस्ता बंद झाला. निर्बंधांचा रस्ता उघडाच राहिला. मार्च २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने इराणवर आणखी एक ठराव केलाच.

म्हणजे २००७ मध्ये अहवालाने अध्यक्षाचा हात धरला आणि २०२५ मध्ये अध्यक्षाने अहवाल झटकला. यंत्रणा जवळपास त्याच, देशही तोच. फरक खुर्चीवरच्या माणसाचा आणि त्याच्या पाठीमागच्या इतिहासाचा. २००७ मध्ये इराकची लाज ताजी होती; तिथे सांगितलेला अण्वस्त्र कार्यक्रम सापडलाच नव्हता.

खात्री कशाबद्दल आहे?

‘उच्च विश्वास’ आणि ‘दाट शक्यता’ हे शब्द मराठी बातमीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. तसं करू नका. शक्यता म्हणजे घटना घडण्याचा अंदाज. विश्वास म्हणजे आपल्या हातातली माहिती किती पक्की, किती वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली, याबद्दलचं मत. अमेरिकी यंत्रणांच्या आजच्या नियमावलीत ‘बहुधा’ या अर्थाचा शब्द (likely) वापरला तर तो ५५ ते ८० टक्क्यांसाठी, असं ठरवून दिलेलं आहे. हे ठरवावं का लागलं? १९५१ मध्ये सीआयएच्या एका अंदाजात, युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असं लिहिलं होतं. शर्मन केंट या विश्लेषकाच्या मनात ६५ विरुद्ध ३५ असं गणित होतं. त्याने सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा कुणी २० टक्के म्हणालं, कुणी ८०. सगळ्यांनी एकाच वाक्यावर सही केलेली होती.

खात्री तुकड्यातुकड्यांत असते, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सीरियाचं आहे आणि आपल्याकडे ते फारसं शिकवत नाहीत. २००७ च्या वसंतात इस्रायलने अमेरिकेला पूर्व सीरियातल्या अल-किबर इथल्या एका इमारतीची छायाचित्रं दाखवली. सीआयएचा निष्कर्ष असा: ही उत्तर कोरियाच्या मदतीने बांधलेली अणुभट्टी आहे, याबद्दल उच्च विश्वास; ती अण्वस्त्र कार्यक्रमाचा भाग आहे, याबद्दल कमी विश्वास. भट्टी होती, पण इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना सापडला नव्हता. कमी विश्वास म्हणजे ‘नसेलच’ असं नव्हे; पुरावा तोकडा आहे एवढाच त्याचा अर्थ. बुश यांनी या दुसऱ्या भागावर बोट ठेवलं आणि इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांना बॉम्बफेकीला नकार दिला. ओल्मर्ट यांना पहिला भाग पुरेसा होता. ६ सप्टेंबर २००७ च्या रात्री इस्रायली विमानांनी ती इमारत पाडली. इस्रायलने हे अधिकृतपणे मान्य केलं ते थेट मार्च २०१८ मध्ये.

छायाचित्रं तीच, निष्कर्षही बहुतांशी तोच, आणि धोरणं दोन. ज्याच्या शेजारी भट्टी उभी राहते त्याचा धोक्याचा हिशोब निराळा असतो. म्हणून वहीत निष्कर्षाशेजारी नेहमी हेही लिहा: हे चुकलं तर या सरकारचं काय बिघडतं, आणि खरं ठरूनही काही केलं नाही तर काय बिघडतं?

असहमत कोण होतं?

बातमीचा शेवटचा परिच्छेद इथे कामाला येतो. ऑक्टोबर २००२ चा इराकवरचा अंदाज अमेरिकी काँग्रेसच्या मागणीवरून घाईघाईत तयार झाला. इराकने मागवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, असं सीआयएचं म्हणणं होतं. ऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं की या नळ्या साध्या रॉकेटच्या मापाच्या आहेत. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने तर अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरेसा पुरावाच दिसत नाही, असं वेगळं मत नोंदवलं. आता गंमत बघा. सेंट्रिफ्यूजची खरी माहिती कुणाला? ऊर्जा विभागाला. पण लोकांसाठी काढलेल्या आवृत्तीत हा सगळा मतभेद ‘काही जणांना वाटतं’ एवढ्यावर आला. ते ‘काही जण’ कोण, हे गळालं.

तेव्हा असहमत किती आहेत हे मोजू नका. त्या विषयातला जाणकार कुठल्या बाजूला आहे ते शोधा. शिवाय कुणी जागेवर जाऊन बघतंय का, हेही तपासा. इराकमध्ये नोव्हेंबर २००२ पासून निरीक्षक होते. ७ मार्च २००३ रोजी अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं, की नायजरकडून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं खरी नाहीत. युद्ध २० मार्चला सुरू झालं. नंतर शोधपथकं महिनोन् महिने फिरली, अण्वस्त्र कार्यक्रम काही सापडला नाही.

माहीत असून न बघणं

याबद्दल मुलांना फार राग येतो, आणि आला पाहिजे. १९८५ मध्ये अमेरिकेने प्रेसलर दुरुस्ती केली. पाकिस्तानकडे अणुस्फोटक नाही, असं अध्यक्षांनी दरवर्षी प्रमाणपत्र द्यायचं, तरच मदत. कहुट्यात, म्हणजे पाकिस्तानच्या युरेनियम समृद्धीकरणाच्या केंद्रात, काय चाललंय याची माहिती अमेरिकी यंत्रणांकडे होतीच. तरी रेगन यांनी आणि मग थोरल्या बुश यांनी प्रमाणपत्र दिलं, कारण अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्धची लढाई पाकिस्तानातून चालत होती. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचा सोव्हिएत सैनिक बाहेर पडला. ऑक्टोबर १९९० मध्ये बुश यांनी प्रमाणपत्र नाकारलं. मदत थांबली, आणि पाकिस्तानने पैसे मोजलेली एफ-१६ विमानं अमेरिकेतच अडकून पडली.

कहुटा त्या दोन वर्षांत रातोरात उगवलं नव्हतं. पाकिस्तानची गरज संपली होती. परीक्षेत प्रेसलर दुरुस्तीवर प्रश्न आला तर या दोन तारखा शेजारी शेजारी लिहाच.

(कहुट्याचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवरची न्हाव्याच्या दुकानातल्या केसांची गोष्ट कुणीतरी काढतंच: तिथल्या शास्त्रज्ञांचे कापलेले केस तपासून म्हणे रॉने गुपित शोधलं. सांगणारे शेकड्याने, कागद दाखवणारा एकही नाही. उत्तरपत्रिकेत ती लिहू नका.)

खाडीपलीकडचा धडा

वाशीहून मानखुर्दकडे जाणारी लोकल खाडीपुलावर आली की डाव्या खिडकीतून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथली सायरस अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस बंद झाली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं, आणि १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम याच भट्टीतलं. इतकं सगळं ओळखीचं असूनही अमेरिकी यंत्रणांनी स्फोटाची आगाऊ सूचना दिली नाही. जुलै १९७४ मध्ये त्यांनी स्वतःच त्याचा पंचनामा केला. भारताच्या अणुकार्यक्रमाला पुरेसं प्राधान्य दिलं गेलं नाही आणि वेगवेगळ्या विभागांतले विश्लेषक एकमेकांशी नीट बोलत नव्हते, ही दोन कारणं त्यात दिली. त्यातलं आणखी एक वाक्य महत्त्वाचं: या अपयशामुळे, हे पाऊल रोखण्यासाठी राजनैतिक प्रयत्न करण्याचा पर्यायच सरकारच्या हातून गेला. मी वर रस्ते बंद होण्याबद्दल लिहिलं, ते इथे उलट्या बाजूने दिसतं. न सापडलेली गोष्टही धोरण घडवते. आधी रोखता आलं नाही, म्हणून नंतर अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला, आणि पुढची तीन दशकं आपण त्याच्या दाराबाहेर होतो. सप्टेंबर २००८ मध्ये त्याच गटाने भारताला सूट दिली.

१९९५ ची गोष्ट याच्या उलटी. डिसेंबरात पोखरणची हालचाल अमेरिकी उपग्रहांनी टिपली. राजदूत फ्रँक विस्नर यांनी दिल्लीत वरिष्ठ अधिकाऱ्यांना छायाचित्रं दाखवली, न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. नरसिंह रावांच्या काळात चाचणी झाली नाही. दबावामुळे की रावांचं आपलं काही गणित होतं म्हणून, यावर आजही दोन मतं आहेत. पण अमेरिकेने त्या दिवशी एक किंमत मोजली. उपग्रहाच्या नजरेत काय भरतं, हे आपल्या लोकांना समजलं. १९९८ मध्ये ५८ इंजिनिअर रेजिमेंटने मुख्य काम रात्री उरकलं, सकाळी जागा होती तशी दिसायची. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. कलाम तिथे ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ होते.

११ मे १९९८, सोमवार, बुद्ध पौर्णिमा. संध्याकाळी वाजपेयींनी घोषणा केली आणि आमच्या डेस्कवर पहिलं पान तीनदा मोडलं गेलं. पुढच्या दोन रात्री वॉशिंग्टनहून येणाऱ्या कॉपीत एकच सूर होता: आम्हाला कळलं कसं नाही? सिनेटर शेल्बी यांनी तर याला प्रचंड अपयश म्हटलं. जूनमध्ये अ‍ॅडमिरल जेरेमाया यांच्या चौकशीचा निष्कर्ष आला. नवं सरकार अमेरिकेसारखाच हिशोब करेल, निर्बंधांचा धोका पत्करणार नाही, असं विश्लेषकांनी धरून चाललेलं होतं. अण्वस्त्रांचा पर्याय प्रत्यक्षात आणू, हे भाजपच्या जाहीरनाम्यात छापलेलं होतं! ते वाचायला उपग्रह लागत नव्हता. म्हणून गुप्तचर बातमीच्या शेजारी त्या देशाच्या नेत्याचं जाहीर भाषण ठेवून वाचायचं, हा आमच्या शनिवारचा नियम आहे.

बाहेर कुणी काढलं, आणि आज का?

सापडणं आणि जाहीर होणं यांच्या तारखा वेगळ्या असतात. फोर्डोचा भूमिगत प्रकल्प ओबामा, सार्कोझी आणि ब्राऊन यांनी २५ सप्टेंबर २००९ रोजी पिट्सबर्गमध्ये जगाला सांगितला. त्यांना तो त्याआधीपासून माहीत होता. आपलं बिंग फुटल्याचं लक्षात आल्यावर इराणने चार दिवस आधी अणुऊर्जा संस्थेला पत्र पाठवलं, म्हणून पत्ता उघडावा लागला. जून २०१० मध्ये सुरक्षा परिषदेचा कडक ठराव आला. ३० एप्रिल २०१८ ला नेतान्याहूंनी इराणच्या जुन्या कागदपत्रांचं कपाट टीव्हीवर उघडलं, आणि ८ मे रोजी ट्रम्प इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडले. कागद बहुतांशी २००३ च्या आधीच्या कामाचे होते. प्रेक्षक २०१८ चा होता.

कधीकधी गाजावाजाच होत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ या जहाजातून लिबियाला निघालेले सेंट्रिफ्यूजचे भाग इटलीत पकडले. डिसेंबरात लिबियाने कार्यक्रम सोडला, आणि ४ फेब्रुवारी २००४ ला या पुरवठ्यामागचे पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान पाकिस्तानी टीव्हीवर कबुली देत होते.

जून २०२५ च्या हल्ल्यानंतर फुटलेला अहवालही याच चाळणीतून घाला. इराण काही महिनेच मागे गेला, असं अमेरिकी संरक्षण गुप्तवार्ता विभागाचं म्हणणं होतं. तो प्राथमिक होता आणि कमी विश्वासाचा होता. व्हाइट हाऊसने तो लगेच धुडकावला. ‘कमी विश्वास’ हे शब्द किती मराठी बातम्यांत टिकले, ते आम्ही मोबाइलवर शोधलं. फार थोड्या.

आपल्या घरचं कसं वाचायचं?

हे कठीण आहे. आपल्याकडे अंदाज जाहीर करण्याची पद्धत नाही, रॉचे कागद ठरावीक वर्षांनी खुले होत नाहीत आणि संसदेत गुप्तचर यंत्रणांवर देखरेख करणारी समिती नाही. माझ्या मते लोकशाहीला हे शोभत नाही, पण आज आहे ते असं आहे. त्यामुळे आपल्याकडे निष्कर्षापेक्षा त्याच्या सावल्या वाचाव्या लागतात. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीचा अहवाल मिळवून वाचा. काही भाग गाळलेला आहे, तरी उरलेलाही भरपूर बोलतो. त्यानंतर २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि २००४ मध्ये तांत्रिक गुप्तवार्ता गोळा करणारी एनटीआरओ उभी राहिली. म्हणजे उणीव कुठे जाणवली होती ते संस्थांच्या जन्मतारखांवरून कळतं. ४ जानेवारी २००३ चं अण्वस्त्र धोरणाचं निवेदन एका पानात मावतं. प्रथम वापर न करण्याच्या वचनाला जैविक-रासायनिक हल्ल्याचा अपवाद तिथेच जोडलेला आहे.

सरावाला सगळ्यात सोपी बातमी दर १ जानेवारीला येते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला केला आणि १९९२ पासून दरवर्षी दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. परराष्ट्र मंत्रालयाचं पत्रक चार ओळींचं असतं, पानावर ते तळाला जातं. याद्या जाहीर होत नाहीत. पण आपल्या यंत्रणांना जे माहीत आहे त्याच्याशी समोरून आलेली यादी ताडून बघता येते, आणि समोरचाही तेच करतो. मुलांना मी सांगितलंय, पुढच्या पत्रकावर प्रत्येकाने दीडशे शब्द लिहून आणायचे: ही यादी देण्याने दोघांचे कुठले रस्ते बंद होतात? ओंकारने ‘दीडशेत बसणार नाही’ म्हणून आत्ताच कुरकुर सुरू केली आहे.